सत्तावीसच्या अलीकडे आणि पलीकडे

मालेगावात यंत्रमागाच्या वीजबिलाचा विषय निघाला की दोन आकडे हमखास कानावर पडतात: २७ आणि २०१. दोन्ही अश्वशक्तीचे, म्हणजे बोलण्यात ‘एचपी’चे. २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने यंत्रमागांसाठी वाढीव वीज सवलत जाहीर केली. बातम्यांत ती अशा शब्दांत आली: २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभार असलेल्या यंत्रमागांना युनिटमागे एक रुपया जादा सवलत, आणि २७ पेक्षा जास्त पण २०१ पेक्षा कमी जोडभार असलेल्यांना युनिटमागे ७५ पैसे. भिवंडी, इचलकरंजी, विटा आणि मालेगाव या मागावर पोट असलेल्या गावांत ही बातमी बारकाईने वाचली गेली. कारण उघड आहे. महिन्याला आठ हजार युनिट जाळणाऱ्या कारखान्याला रुपया आणि ७५ पैसे यांतला फरक दोन हजार रुपयांचा पडतो.

आता समजा, मालेगाव कॅम्पातल्या एखाद्या मुलाने यावर मोबाइलचा छोटा प्रोग्राम लिहिला. दोन रकाने: जोडभार किती एचपी आणि या महिन्यात युनिट किती. खाली एक बटण. ते दाबले की वाढीव सवलतीचे रुपये दिसतात. (हा प्रोग्राम आपण कल्पनेत लिहिला आहे. शहरात २०२० पासून महावितरणच्या वतीने बिले देणाऱ्या फ्रँचायझी कंपनीच्या यंत्रणेशी त्याचा संबंध नाही.) प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तपासायचा आहे. रकान्यांत कोणते आकडे घालून बघायचे, एवढाच प्रश्न.

सगळेच आकडे घालून बघणे हा पहिला विचार. जोडभार अर्ध्या एचपीच्या टप्प्याने ५०० पर्यंत नेला तर एक हजार शक्यता. युनिट शून्यापासून एक लाखापर्यंत. दोहोंचा गुणाकार दहा कोटी. यंत्राने दर सेकंदाला एक तपासणी केली तरी तीन वर्षांच्या वर जातील, आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक हे सांगायला माणूस बसवायचा तर तो मिळणार नाही. दोनच रकान्यांची ही गत. खऱ्या बिलात रकाने डझनांनी असतात.

दुसरा विचार, मनाला येतील ते आकडे घालायचे. १०, ५०, १००. बहुतेक जण हेच करतात आणि बहुतेक वेळा प्रोग्राम उत्तीर्ण होतो. माणसाच्या मनात गोल आकडे आधी येतात, आणि गोल आकड्यांवर प्रोग्राम सहसा फसत नाही.

यातून वाट काढण्याची रीत ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकात नीट मांडली, आणि ती आजही जवळपास त्याच रूपात शिकवली जाते. रीतीचे दोन भाग आहेत. पहिला, समतुल्य वर्ग. दुसरा, सीमामूल्ये.

समतुल्य वर्ग म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. १० एचपीच्या कारखान्याला प्रोग्रामने बरोबर सवलत दिली तर ११ ला आणि १२ ला वेगळे काही करायचे त्याला कारणच नाही. नियमाच्या दृष्टीने हे तिघे एकाच पंक्तीतले. मग तिघांपैकी एकालाच तपासावे. पण ही म्हण जिथे थांबते तिथूनच दुसरा भाग सुरू होतो. शीत भांड्याच्या मधून काढले जाते, आणि भात करपतो तळाला आणि कडेला.

आधी वर्ग पाडू. जोडभाराच्या रकान्यात नियमानेच तीन वर्ग दिले आहेत: शून्याच्या वर पण २७ च्या खाली, २७ च्या वर पण २०१ च्या खाली, आणि २०१ व त्यापुढे, जिथे ही वाढीव सवलत नाही. हे तिन्ही वैध. २०१ च्या पुढचा कारखाना अवैध नव्हे. त्याला उत्तर ‘शून्य रुपये’ मिळायला हवे, चुकीचा संदेश नव्हे. नवशिके इथे गोंधळतात. ‘सवलत नाही’ आणि ‘आकडा चुकीचा’ ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत, म्हणून ते दोन निरनिराळे वर्ग आहेत. अवैध वर्ग म्हणजे ज्यांना जगात अर्थ नाही ते: उणे पाच एचपी, शून्य एचपी, रिकामा रकाना, ‘माहीत नाही’ असे अक्षरी उत्तर.

युनिटच्या रकान्यात शून्याची गंमत वेगळी. जोडभार शून्य असलेली जोडणी नसते, पण युनिट शून्य असलेला महिना असू शकतो. सुताचा भाव चढला, कापडाला उठाव नाही, कारखान्याला कुलूप लागले, मीटर हलला नाही. म्हणजे तोच ‘०’ एका रकान्यात अवैध आणि शेजारच्या रकान्यात पूर्ण वैध. आणि आपल्या मुलाने हौसेने ‘युनिटमागे सरासरी खर्च किती’ अशी एक ओळ खाली दाखवली असेल, तर त्या शून्याने भागाकार होईल आणि प्रोग्राम कोलमडू शकेल. अशा वेळी शून्याला त्याचा स्वतःचा वर्ग द्यावा. इतर धन आकड्यांबरोबर त्याला बसवले की तो हातून निसटतो.

एक वर्ग असाही आहे जो कोणत्याच एका रकान्यात दिसत नाही. २७ एचपी म्हणजे सुमारे २०.१४ किलोवॅट. एवढा भार ३१ दिवसांच्या महिन्यात दिवसाचे चोवीस तास, एक मिनिट न थांबता ओढला तरी ७४४ तासांत होतात १४,९८५ च्या आसपास युनिट. मग २७ एचपी आणि ५०,००० युनिट ही जोडी काय सांगते? एकतर जोडभार कमी दाखवला आहे, किंवा टंकताना एक आकडा जास्त पडला आहे. २७ एकटा ठीक, ५०,००० एकटा ठीक, दोघे मिळून अशक्य. असे वर्ग ओळखायला संगणकशास्त्रापेक्षा कारखान्याची माहिती जास्त लागते. म्हणून मला वाटते की चांगला परीक्षक कोडाच्या आधी धंदा समजून घेतो, आणि यंत्रमागाच्या प्रोग्रामची तपासणी यंत्रमाग न पाहिलेल्या माणसाने करू नये.

आता कडा.

चुका कडेलाच का गोळा होतात? कारण प्रोग्राम लिहिणारा वर्गाच्या मध्यावर निर्णय घेतच नाही. त्याचा निर्णय एकाच ठिकाणी असतो, वर्ग जिथे बदलतो तिथे. ‘लहान’ लिहायचे की ‘लहान किंवा समान’, २७ लिहायचे की २८, चिन्ह डावीकडे उघडे की उजवीकडे. यांतल्या बहुतेक चुकांचा परिणाम कडेच्या एक-दोन आकड्यांपुरताच उमटतो. १० एचपीला किंवा १०० एचपीला त्या कळणारही नाहीत.

हे नीट पाहण्यासाठी थोडा वेळ असे धरू की नियम स्पष्ट आहे: २७ किंवा त्याहून कमी असेल तर रुपया, त्यावर ७५ पैसे. जोडभार अर्ध्या एचपीच्या टप्प्याने भरता येतो. मग कडेचे तीन आकडे ठरतात: २६.५, २७ आणि २७.५. आता पाच चुकीचे प्रोग्राम कल्पू. पहिल्यात ‘२७ पेक्षा कमी’ लिहिले आहे, ‘किंवा समान’ विसरले. २७ घातल्यावर ७५ पैसे येतात, पकडला. दुसऱ्यात हात चुकून २८ पडले. २७.५ ला रुपया देतो, पकडला. तिसऱ्यात २६ पडले. २७ ला ७५ पैसे, पकडला. चौथ्यात चिन्हच उलटे. २६.५ ला ७५ पैसे आणि २७.५ ला रुपया, दोन्हीकडून पकडला. पाचवा जरा लबाड आहे: त्यात ‘लहान किंवा समान’ऐवजी नुसते ‘समान’ लिहिले गेले. २७ ला रुपया, बरोबर. २७.५ ला ७५ पैसे, बरोबर. फक्त २६.५ ला चूक उघडी पडते.

या पाचव्यामुळेच एक जुना वाद आहे. काही जण कडेला दोनच आकडे पुरेसे मानतात: कड आणि तिच्या पलीकडचा पहिला. काही जण तीन घेतात: कड, अलीकडचा, पलीकडचा. परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात दोन्ही रीती मान्य आहेत. माझे मत असे की यादीत वर्गाच्या मधला एखादा आकडा, समजा १० एचपी, आधीच असेल तर पाचवा प्रोग्राम त्यानेही पकडला जातो आणि दोन आकड्यांत भागते. पण पैशाचा मामला असेल तर तिसरा आकडा घ्यावा. एक ओळ वाढण्याचा खर्च तो काय!

टप्पा केवढा, हे मात्र आधी ठरवावे लागते. पुण्या-हिंजवडीच्या मुलाखतींत ‘१ ते १०० आकडे घेणारा रकाना आहे, टेस्ट केस सांगा’ हा प्रश्न इतका घासला गेला आहे की उमेदवार डोळे मिटून ०, १, २, ९९, १००, १०१ म्हणतात. रकान्यात दशांश चालतो का, हे फार थोडे विचारतात. दशांश चालत असेल तर १०० च्या पलीकडचा पहिला आकडा १०१ नसून १००.१ किंवा १००.०१ असतो. जोडभाराचेही तेच. अर्ध्याचा टप्पा असेल तर २७.५, शतांशाचा असेल तर २७.०१.

आता आपण धरून चाललेला स्पष्ट नियम बाजूला ठेवू आणि छापून आलेल्या शब्दांकडे परत वळू. ‘२७ पेक्षा कमी’ला रुपया. ‘२७ पेक्षा जास्त पण २०१ पेक्षा कमी’ला ७५ पैसे. मग नेमक्या २७ एचपीच्या कारखान्याला काय? या वाक्यांत त्याला जागाच नाही. वाचताना हे ध्यानात येत नाही, कारण वाचणारा अर्थ घेतो, अक्षर घेत नाही. यादीत २७ लिहून समोर ‘अपेक्षित उत्तर’ भरायला गेलो की पेन थांबते. प्रोग्राम अजून सुरूही केलेला नाही आणि पहिला दोष सापडला, तोही कोडात नाही, नियमाच्या मांडणीत. सीमामूल्यांच्या रीतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला फारच कमी जागा मिळते.

अशा वेळी परीक्षकाने स्वतःच्या मनाने निवाडा देऊ नये. ‘२७ ला रुपयाच मिळत असणार’ हा अंदाज शहाणपणाचा वाटतो, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘७५ पैसेच असणार’ असा तितकाच शहाणा अंदाज केलेला असू शकतो. शासन निर्णयाची मूळ प्रत मागवायची, तिच्यातले कलम यादीत जोडायचे आणि तरीही उलगडा नसेल तर वीज कार्यालयाला लेखी विचारायचे. उत्तर येईपर्यंत ती ओळ उघडी ठेवायची.

२७ ची कथा इथे संपत नाही. वीज आयोगाच्या दरपत्रकात यंत्रमागांचे लघुदाब ग्राहक अश्वशक्तीने विभागलेले नाहीत. तिथे दोन गट आहेत: २० किलोवॅटपर्यंतचे आणि २० किलोवॅटच्या वरचे. गावात हे दोन आकडे एकच समजले जातात, २० किलोवॅट म्हणजे २७ एचपी. जवळपास खरे आहे, पण कडेला ‘जवळपास’ उपयोगाचे नसते. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट धरला तर २७ एचपीचे २०.१४ किलोवॅट होतात, म्हणजे २० च्या पलीकडे. उलट २० किलोवॅटचे एचपी केले तर २६.८१ होतात, म्हणजे २७ च्या अलीकडे. या २६.८१ आणि २७ च्या मधल्या अरुंद पट्टीत असलेला कारखाना सवलतीसाठी लहान आणि दरपत्रकासाठी मोठा.

पट्टी अरुंद आहे म्हणून तिच्यात कोणी नसेल असे समजू नये. मर्यादा आली की लोक मर्यादेला चिकटून राहतात. जास्तीचा एक माग घेतल्याने वरच्या गटात जायचे असेल तर कारखानदार तो माग घेत नाही किंवा दुसऱ्या जोडणीवर टाकतो. साध्या मागाला एचपीभराची मोटर धरली तर चोवीस माग, कांड्या भरायचे यंत्र, दिवे, पंखे यांत २७ ची मजल सहज गाठली जाते. कडेच्या आकड्यांवर खरी माणसे उभी असतात, आणि तीही दाटीने.

आता प्रोग्रामला २० किलोवॅटचा मंजूर भार दिला आणि त्याने तो एचपीत बदलून पूर्णांकात घेतला तर? २६.८१ चे झाले २७. नियम होता ‘२७ पेक्षा कमी’. आकडेमोडीच्या आधी जो कारखाना निश्चितपणे आत होता, तो आता त्या नेमक्या भोकात पडला जिथे नियमाने काहीच सांगितलेले नाही. चूक ना नियमाची, ना तुलनेच्या चिन्हाची. चूक रूपांतर आधी की तुलना आधी, या क्रमाची. शिवाय एचपी कोणता, हाही प्रश्न आहे. मेट्रिक अश्वशक्ती ०.७३५५ किलोवॅटची असते. त्या हिशेबाने २७ एचपीचे १९.८६ किलोवॅट होतात आणि कारखाना उडी मारून कडेच्या अलीकडे येतो. म्हणून जिथे एकक बदलते तिथे यादीत दोन्ही एककांतल्या कडा लिहाव्यात: २६.५, २७, २७.५ या एचपीच्या, आणि १९.९९, २०, २०.०१ या किलोवॅटच्या. २०१ चेही असेच आहे. २०१ एचपी म्हणजे १४९.९५ किलोवॅट, १५० च्या केसभर अलीकडे.

घरगुती बिलाकडे वळले की कडेचा स्वभाव बदलतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी समजू की पहिला दर ४ रुपये आणि दुसरा १०. १०० युनिटचे ४००, आणि १०१ चे ४१०. इथे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘१०० किंवा कमी’ऐवजी ‘१०० पेक्षा कमी’ लिहिले तर काय बिघडते? काहीच नाही! नेमके १०० युनिट दुसऱ्या फांदीत गेले तरी तिथे हिशेब होतो पहिल्या शंभराचे ४०० आणि उरलेल्या शून्य युनिटांचे शून्य. उत्तर तेच.

म्हणजे कडा दोन जातींच्या असतात. यंत्रमाग सवलतीत कडेला उडी आहे: एका बाजूला सगळ्या युनिटांवर रुपया, दुसऱ्या बाजूला सगळ्या युनिटांवर ७५ पैसे. घरगुती टप्प्यात कडेला नुसते वळण आहे. उडीच्या कडेला ‘किंवा समान’ची चूक हजारोंची. वळणाच्या कडेला ती चूक दिसतही नाही आणि नडतही नाही. तिथे खरी भीती दुसरी असते: १०१ युनिट झाले की सगळ्याच युनिटांना १० रुपये लावणारा प्रोग्राम. तो ४१० ऐवजी १,०१० दाखवेल आणि १०१ वर लगेच सापडेल. दोन्ही कडांना सारखेच वागवणारी यादी चुकीची नसते, पण वेळ चुकीच्या ठिकाणी खर्च करते.

टप्पे युनिटांचे दिसतात, पण त्यांच्या मागे दिवस दडलेले असतात. १०० युनिटचा टप्पा एका महिन्याचा आहे. मीटरवाचन उशिरा झाले आणि बिल दीड महिन्याचे आले तर टप्पाही त्या प्रमाणात वाढायला हवा. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभर मीटरवाचन थांबले होते. जूनमध्ये लोकांच्या हाती एकदम अनेक महिन्यांची बिले आली आणि ओरड झाली, तेव्हा टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार विभागून दिल्याचे महावितरणला समजावून सांगावे लागले. परीक्षकाने यातून घ्यायचे ते एवढेच: बिलाचा कालावधी हाही एक रकाना आहे, जरी तो पडद्यावर दिसत नसला तरी. त्याचेही वर्ग आहेत (महिन्याचे, महिन्याहून कमी, महिन्याहून जास्त) आणि त्याच्याही कडा आहेत. फेब्रुवारीचे २८ आणि २९ दिवस विसरू नयेत.

मालेगावात एक गोष्ट मुद्दाम तपासावी लागेल, जी पुण्यातल्या यादीत कदाचित नसेल. इथे एकाच गल्लीत मराठी, उर्दू आणि इंग्रजी कळफलक वापरणारे फोन आहेत. माणसाच्या डोळ्यांना २७ हा २७ च असतो, मग तो देवनागरी अंकांत लिहिलेला असो, इंग्रजी अंकांत की उर्दू अंकांत. संगणकाला ही तीन निरनिराळी चिन्हे आहेत. पायथन भाषेत देवनागरी किंवा उर्दू अंकांतला मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला तर ती मुकाट्याने बरोबर बदलते. जावास्क्रिप्टमध्ये तेच केले तर ‘ही संख्या नाही’ असे उत्तर येते. पडद्यामागची भाषा कोणती यावर सोयगावातल्या आजोबांचा प्रोग्राम चालणार की नाही हे ठरते. म्हणून अंकांची लिपी हा स्वतंत्र वर्ग धरावा, आणि वैध धरावा. मराठीत लिहिलेला आकडा चुकीचा ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामला कोणी दिला?

त्याच ओघात ‘१,००,०००’ आणि ‘100,000’ अशा दोन्ही रीतींचे स्वल्पविराम, ‘२७ एचपी’ असे एककासह लिहिलेले उत्तर आणि आकड्यामागे चुकून पडलेली मोकळी जागा. यांतले काय स्वीकारायचे ते ठरवून टाकावे. नुसते राहू देऊ नये.

ग्राहक क्रमांकाचा रकाना जोडला तर आणखी एक अडचण. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो आणि अनेकांचा शून्याने सुरू होतो. तो संख्या म्हणून साठवला तर पुढचा शून्य गळतो. एक्सेलमध्ये तसाच टाकला तर गंमत अशी की अकरा अंकांपर्यंत संख्या पूर्ण दिसते आणि बारावा अंक आला की ती घातांकाच्या रूपात आकसते. त्याच रूपात ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये गेली की शेवटचे अंक कायमचे जातात. बारा हीच आपल्या क्रमांकाची लांबी आणि बारा हीच एक्सेलची कड. शून्याने सुरू होणारा एक आणि न होणारा एक, असे दोन क्रमांक यादीत असलेच पाहिजेत.

ही शेवटची कड नियमात कुठेच लिहिलेली नव्हती. ती साधनाच्या पोटात होती. अशा कडा सगळ्यांत घातक. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोविडच्या नोंदी जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलींतून जात होत्या. त्या फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला. त्याआधी, ४ जून १९९६ ला, युरोपचे एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. एका मोठ्या संख्येचे रूपांतर सोळा बिटांच्या जागेत होत होते, आणि त्या जागेत ३२,७६७ च्या वर संख्या बसत नाही. तो भाग एरियान-४ साठी लिहिलेला, जसाच्या तसा उचललेला. जुन्या रॉकेटच्या मार्गात ती संख्या तेवढी वाढतच नव्हती. नव्या रॉकेटचा मार्ग त्या भागाच्या तपासणीत घातलाच गेला नव्हता. वर्ग पाडताना ‘हे सगळे सारखेच’ असे आपण म्हणतो तो अंदाज असतो, आणि तो कोडाच्या आत न पाहता केलेला असतो. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याला एक प्रश्न विचारून घ्यावा: ही संख्या कशात साठवतोस आणि त्यात जास्तीत जास्त केवढी मावते? मिळालेला आकडा यादीत कड म्हणून लिहावा.

यादी एकत्र बांधताना वैध आणि अवैध वर्गांना वेगळे वागवायचे. वैध वर्ग एकाच तपासणीत कितीही एकत्र आले तरी चालतात. २७.५ एचपी, आठ हजार युनिट, देवनागरी अंक: एकाच फटक्यात तीन वर्ग झाले. अवैध मात्र एका वेळी एकच. उणे पाच एचपी आणि रिकामे युनिट एकत्र दिले आणि प्रोग्रामने ‘चूक’ म्हटले, तर ते कशाला म्हटले? पहिल्या चुकीवरच तो थांबला असेल आणि रिकाम्या रकान्याची तपासणी त्यात लिहिलेलीच नसेल. एक दोष दुसऱ्याला झाकतो. ही सगळी रीत पाळली की दहा कोटी जोड्यांच्या जागी साधारण तीस-पस्तीस ओळींची यादी उरते, आणि ती एका दुपारी हाताने तपासता येते.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोणते आकडे, उत्तर काय यायला हवे, आणि हे आकडे का निवडले. दुसरी गोष्ट प्रोग्राम चालवण्याच्या आधी, कागदावर, शक्य तर कारखान्याच्या मुनीमजींकडून भरून घ्यावी. आधी पडद्यावरचे उत्तर पाहिले की ते बरोबरच वाटू लागते. तिसरी गोष्ट लोक आळसाने सोडतात आणि वर्षभराने तीच लागते. धोरण बदलून २७ ची मर्यादा समजा ३० झाली, तर ‘का’चा रकाना पाहून कळते की कोणत्या ओळी या मर्यादेपोटी आल्या. त्यांच्या जागी २९.५, ३० आणि ३०.५ लिहायच्या. २७.५ ची ओळ मात्र खोडायची नाही, तिचे अपेक्षित उत्तर ७५ पैशांवरून एक रुपया करायचे. जुना २७ कोडाच्या एखाद्या कोपऱ्यात बदलायचा राहून गेला असेल तर तो त्याच ओळीवर सापडेल.